ज्याला दिसतं त्याने जपावं: कॉलेज फुटबॉलच्या रिसीव्हरांसाठी जाहीरनामा

आम्ही शनिवारची माणसं आहोत. ऑगस्ट सरता सरता अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा हंगाम उघडतो आणि पुढचे कित्येक शनिवार आम्ही त्या हिरव्या पट्ट्याला बांधलेले असतो. आमच्यातले काही मिशिगनमध्ये राहतात, काही टेक्ससमध्ये, काही न्यू जर्सीत. आमच्या घरांत मराठी बोलली जाते आणि आमची मुलं इथल्या विद्यापीठांत शिकतात. कुणी बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतं, कुणी विद्यार्थ्यांच्या गॅलरीत घसा बसेपर्यंत ओरडतं, आणि आता एखाददुसरं पोर अंगावर पॅड चढवून मैदानातही उतरतं. आमच्यात हाडांचे डॉक्टर आहेत, फिजिओथेरपिस्ट आहेत, इंजिनियर आहेत, एके काळी खेळलेले आहेत, आणि नुसते बघेही आहेत. या खेळावर आमचं मनापासून प्रेम आहे. तो बंद व्हावा असं आमच्यातल्या एकालाही वाटत नाही. तो बदलायला हवा, आणि तो बदलणार आहे.

रिसीव्हर चेंडू झेलतो तो क्षण जवळून पाहा. तो मैदानाच्या मधून तिरका धावतो आहे. मान मागे वळलेली, नजर क्वार्टरबॅकच्या हातून सुटलेल्या चेंडूवर. चेंडू डोक्याच्याही वरून येतो. तो दोन्ही हात उंचावतो, बोटं फाकवतो, पाय जमीन सोडतात. या घटकेला त्याच्या बरगड्या उघड्या आहेत, पोट सैल आहे, गुडघे हवेत आहेत. आणि समोरून, चांगली लांब धाव घेऊन, विरुद्ध संघाचा सेफ्टी, म्हणजे मागच्या फळीतला बचावपटू, येतो आहे. सेफ्टीला सगळं दिसतं: चेंडू, झेलणारा, मधलं अंतर, उरलेला वेळ. रिसीव्हरला चेंडू सोडून काही दिसत नाही. नजर काढली तर झेल सुटतो. नजर ठेवली तर अंग उघडं पडतं.

आमचं सगळं म्हणणं या एका विषमतेतून निघालं आहे. ज्याला दिसतं त्याने जपावं. सेफ्टीला दिसतं. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला दिसतं. चाल आखणाऱ्या प्रशिक्षकाला त्याच्याही आधी दिसतं. रिप्लेच्या खोलीतल्या पंचाला सावकाश, मागेपुढे करून दिसतं. तिकिटं आणि प्रक्षेपणाचे हक्क विकणाऱ्या विद्यापीठाला वर्षानुवर्षं दिसतं. आणि गॅलरीतून, घरच्या सोफ्यावरून, आम्हांलाही दिसतं. न दिसणारा माणूस एकच असतो, आणि बहुतेक वेळा किंमत तोच मोजतो.

12 ऑगस्ट 1978 च्या संध्याकाळी ओकलंडमध्ये डॅरिल स्टिंगलीने ती मोजली. पर्ड्यू विद्यापीठातून व्यावसायिक फुटबॉलमध्ये आलेला हा 26 वर्षांचा रिसीव्हर उंच आलेल्या पाससाठी झेपावला. ओहायो स्टेटमधून आलेला विरुद्ध संघाचा सेफ्टी जॅक टेटम समोरून त्याच्यावर आदळला. मानेचे मणके मोडले. स्टिंगली उरलेलं आयुष्य, 2007 साली मरण येईपर्यंत, चाकांच्या खुर्चीत जगला. त्या धडकेवर पंचांनी दंडाचा झेंडा टाकला नाही, कारण तेव्हाच्या नियमांत ती बसत होती. सामना हंगामापूर्वीचा होता. गुणतक्त्यात त्याची नोंदसुद्धा होणार नव्हती.

अलाबामा विद्यापीठाचा रिसीव्हर टायरोन प्रोथ्रो याचं नाव तिथे आजही आदराने घेतलं जातं. सप्टेंबर 2005 मध्ये सदर्न मिसिसिपीविरुद्ध त्याने जो झेल घेतला, तो पाहिलेला माणूस विसरत नाही. बचाव करणारा खेळाडू छातीला भिडलेला असताना त्याने त्याला दोन्ही हातांनी वेढलं, चेंडू त्याच्या पाठीमागे पकडला आणि दोघंही कोलमडून एंड झोनकडे गडगडले, तरी चेंडू सुटला नाही. पुढे तीनच आठवड्यांनी, 1 ऑक्टोबरला, फ्लोरिडाविरुद्ध त्याच्या पायाची हाडं मोडली. चौथा क्वार्टर चालू होता आणि अलाबामा 31-3 अशी पुढे होती. एंड झोनमध्ये आणखी एक उंच पास त्याच्या दिशेने गेला, तो उडाला आणि वेडावाकडा खाली आला. त्यानंतर शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या, पण तो पुन्हा कधी खेळला नाही. इथे कुणी नियम मोडला नव्हता, कुणाच्या मनात द्वेष नव्हता. म्हणूनच हे उदाहरण आम्हांला महत्त्वाचं वाटतं. जिंकलेल्या सामन्यात आपला सर्वांत मोलाचा खेळाडू पुन्हा हवेत पाठवायचा की नाही, हा प्रश्न नियमांच्या पुस्तकात सापडत नाही. तो बाजूच्या रेषेवर उभ्या असलेल्या माणसांनी स्वतःला विचारायचा असतो.

2023 च्या सप्टेंबरात कोलोरॅडोच्या ट्रॅव्हिस हंटरवर कोलोरॅडो स्टेटच्या सेफ्टीची उशिरा धडक बसली. पंधरा यार्डांचा दंड झाला. हंटर पुढेही खेळत राहिला, मग इस्पितळात गेला. यकृताला जखम झाली होती, तीन सामने हुकले. त्या सेफ्टीला आणि त्याच्या घरच्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. हंटरने मात्र त्याच्याबद्दल मनात काही ठेवलं नाही, आणि दोघं एकत्र बोलिंग खेळायला गेले. पुढच्याच वर्षी हंटरने हाइझमन ट्रॉफी जिंकली. त्या पोरांनी दाखवलेला मोठेपणा आम्ही प्रेक्षकांनी दाखवला नाही, आणि आमच्या जाहीरनाम्यात त्याची नोंद आम्ही स्वतः करतो आहोत. धमक्या देणारी गर्दी आमची नाही. एखाद्या विशीतल्या मुलाला खलनायक ठरवलं की बाकीचे सगळे सुटतात, आणि आम्हांला कुणालाच सुटू द्यायचं नाही.

नियम आहेत. हेल्मेटच्या माथ्याने मारणं आणि बचावहीन खेळाडूच्या डोक्यामानेवर आदळणं याला कॉलेज फुटबॉलमध्ये टार्गेटिंग म्हणतात. 2008 साली हा गुन्हा नीट मांडला गेला, 2013 पासून दोषी खेळाडूला मैदान सोडावं लागतं. झेल घेणारा आणि नुकताच झेल घेतलेला, अजून सावरलेला नसलेला रिसीव्हर बचावहीन मानला जातो. हे मोठं पाऊल होतं आणि ज्यांनी ते टाकलं त्यांचे आम्ही ऋणी आहोत.

पण नियम अर्ध्यावर थांबला आहे. मैदानातल्या पंचाला पुस्तक सांगतं की शंका असेल तर गुन्हा धरा. रिप्लेच्या खोलीत 2019 पासून उलटं चालतं: प्रत्येक घटक सिद्ध झाला नाही तर निर्णय फिरवायचा. म्हणजे मैदानात शंकेचा फायदा रिसीव्हरला, आणि दोन मिनिटांनी तोच फायदा त्याच्यावर आदळलेल्याला. दुसरं, शिक्षा होते ती विशीतल्या खेळाडूला. त्याला तशी धडक मारायला ज्याने शिकवलं, ज्याने ती धडक सोमवारच्या बैठकीत पडद्यावर लावून शाबासकी दिली, त्याच्या खिशाला किंवा खुर्चीला धक्का लागत नाही. आणि तिसरं, डोकं वाचवताना गुडघा उघडा पडला. 2013 मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या एका सराव सामन्यात मायामीच्या डस्टिन केलरचा गुडघा खालून आलेल्या धडकेने पार विस्कटला, एकाच वेळी तीन लिगामेंट फाटले. धडक मारणाऱ्याने नंतर सरळ सांगितलं की वर मारलं तर दंड बसतो, म्हणून खाली मारलं. तो खोटं बोलत नव्हता. नियमाने त्याला कुठे मारू नये ते सांगितलं होतं. पकडावं कसं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

खेळ मऊ होतो आहे, अशी ओरड प्रत्येक बदलाच्या वेळी झाली. इतिहास वेगळंच सांगतो. 1905 च्या एका हंगामात किमान 18 जण या खेळात मेले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. पुढच्या वर्षी नियम बदलले आणि त्या बदलांत पुढच्या दिशेने चेंडू फेकण्याची मुभा मिळाली, कारण माणसांचे गठ्ठे एकमेकांत घुसून चिरडले जात होते आणि खेळ मोकळा करायचा होता. 5 सप्टेंबर 1906 रोजी सेंट लुई विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने पहिला कायदेशीर पास फेकला. तो कुणाच्याही हाती लागला नाही आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे चेंडू विरुद्ध संघाकडे गेला. नंतरचा पास जॅक श्नायडरने झेलला आणि टचडाउन झाला. रिसीव्हर हा खेळाडूच जीव वाचवण्याच्या नियमातून जन्मला आहे. आज लोक ज्याच्यासाठी तिकीट काढतात, ज्या उड्या आणि ज्या धावा आठवडाभर पुन्हा पुन्हा पाहतात, ते सगळं सुरक्षेच्या एका निर्णयाचं देणं आहे.

1976 साली हेल्मेट पुढे करून घुसण्यावर बंदी आली. त्या एका हंगामात शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर 34 मुलं मानेखाली कायमची लुळी झाली होती. 1984 च्या हंगामात ही संख्या 5 वर आली. डॉ. जोसेफ टॉर्ग यांनी या दुखापती मोजल्या, कारण दाखवलं, आणि नियम बदलताच फरक पडला. एवढ्या मुलांचे हातपाय एका वाक्याच्या नियमाने वाचले, आणि खेळाची लोकप्रियता तसूभर कमी झाली नाही.

त्या नियमाने वाचवलेले बहुतेक जण टॅकल करणारे, म्हणजे चेंडूवाल्याला पकडून पाडणारे, होते. ही गोष्ट आम्ही ठासून सांगतो, कारण आमची चळवळ रिसीव्हरच्या नावाने निघाली असली तरी ती सेफ्टीच्या विरोधात नाही. 28 ऑक्टोबर 1989 रोजी मिसिसिपी विद्यापीठाचा चकी मलिन्स वँडरबिल्टच्या ब्रॅड गेन्सवर मागून झेपावला. गेन्स पास झेलत होता. मलिन्सचं डोकं खाली गेलं, हेल्मेट गेन्सच्या पाठीवर आदळलं आणि मलिन्सचेच चार मणके मोडले. गेन्स उठला. मलिन्स उठला नाही. दीड वर्षाने, मे 1991 मध्ये, तो गेला. गेन्स वर्षानुवर्षं अलाबामातल्या त्याच्या कबरीवर जातो आणि ती स्वच्छ करतो. झेलणारा आणि पकडणारा यांचं हित एकच आहे, हे त्याच्याइतकं कुणाला कळलं असेल?

आम्ही मानतो की टॅकल ही पकड आहे. ज्या मातीतून आम्ही किंवा आमचे आईवडील आले, तिथे पकडीचा एक जुना खेळ आहे. कबड्डीत चढाई करणाऱ्याला पकडणारा खेळाडू पट काढतो, कमरेला मिठी मारतो, घोटा धरतो. त्याच्या डोक्यावर काही नसतं, म्हणून तो डोकं नेमाने बाजूला ठेवतो. कबड्डीतही गुडघे जातात, ते आम्ही जाणतो. पण डोक्याने मारायचं, हे तिथे कुणाच्या मनातसुद्धा येत नाही. न्यू हॅम्पशायर विद्यापीठात हाच विचार प्रयोगात उतरला. खेळाडूंना हेल्मेट काढून टॅकलचा सराव दिला गेला, आणि हंगामाअखेर त्यांच्या डोक्याला बसणारे धक्के 28 टक्क्यांनी कमी झाले होते.

आम्ही मानतो की खेळाडूचं शरीर सरावात खर्च करायची वस्तू नाही. सहा विद्यापीठांचे पाच हंगाम पाहून 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेंदूला बसलेल्या दर चार धक्क्यांपैकी जवळपास तीन सरावात बसले होते. ना प्रेक्षक, ना गुण, ना चषक, आणि तरी एवढी हानी. डार्टमथचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी 2010 मध्येच सरावातलं पूर्ण ताकदीचं टॅकलिंग थांबवलं. त्यांचे खेळाडू उशांवर आणि पुतळ्यांवर शिकू लागले. पुढे तिथल्याच अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी मैदानात धावणारा, रिमोटवर चालणारा पुतळा बनवला. लोकांनी सांगितलं होतं की हा संघ शनिवारी भुईसपाट होईल. 2015 साली डार्टमथने आयव्ही लीगच्या विजेतेपदात वाटा मिळवला, आणि 2016 मध्ये सगळ्या आयव्ही लीगने हंगामातल्या सरावासाठी तीच वाट धरली. टीव्हन्स 2023 साली वारले. त्यांनी जे एका मैदानावर सिद्ध केलं ते देशभर नेणं हे आमचं काम आहे.

आकड्यांच्या बाबतीत आम्ही प्रामाणिक राहू. बॉस्टन विद्यापीठाच्या 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मरणोत्तर तपासलेल्या 53 कॉलेज खेळाडूंपैकी 48 जणांच्या मेंदूत सीटीई हा झिजेचा आजार सापडला. हे मेंदू बहुधा ज्यांना आधीच शंका होती अशा घरांनी दान केले होते, त्यामुळे दहातल्या नऊ खेळाडूंना हा आजार होतो असा अर्थ कुणी काढू नये. आम्हीही काढणार नाही. पण 48 घरांत काय घडलं असेल ते ओळखायला सांख्यिकी लागत नाही.

आणि आम्ही मानतो की जो कमावतो त्याने जखमीचा खर्च उचलावा. 1955 साली कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन डोक्याला मार लागून मेला. त्याच्या विधवेने कामगारांना मिळते तशी भरपाई मागितली. 1957 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली, कारण फुटबॉल हा त्या कॉलेजचा धंदा नव्हे, असं ठरलं. 1974 मध्ये लुळ्या झालेल्या टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाच्या केंट वॉल्ड्रेपलाही 2000 साली टेक्ससच्या न्यायालयाने तेच सांगितलं: तू नोकर नव्हतास. 2025 पासून प्रत्येक मोठं विद्यापीठ आपल्या खेळाडूंना पैसे वाटू शकतं, पहिल्याच वर्षी 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. धंदा नव्हे, हे आता कोणत्या तोंडाने सांगणार? खेळताना झालेल्या दुखापतीचा वैद्यकीय खर्च शिक्षण संपल्यावर किमान दोन वर्षं देणं 2024 पासून पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठांना बंधनकारक झालं आहे. आमच्यातले हाडांचे डॉक्टर सांगतात की विसाव्या वर्षी फाटलेला गुडघा पस्तिशी-चाळिशीत संधिवात होऊन परत येतो. दोन वर्षं त्याला कशी पुरणार?

आता आम्ही काय करणार ते सांगतो.

झेलासाठी हवेत असलेल्या रिसीव्हरच्या गुडघ्यावर मारलेली धडक डोक्यावरच्या धडकेइतकाच गंभीर गुन्हा ठरावी, यासाठी आम्ही नियम समितीकडे जाऊ. रिप्लेच्या खोलीतही शंकेचा फायदा ज्याला दिसत नव्हतं त्याला मिळावा, हे मागू. मागून धरून, कंबर वळवून, सगळं वजन पायांवर टाकणारं टॅकल एनएफएल या व्यावसायिक लीगने 2024 मध्ये बंद केलं, कॉलेजांनीही ते बंद करावं. ज्या संघाच्या खेळाडूंकडून एकाच हंगामात पुन्हा पुन्हा टार्गेटिंग होतं, त्याच्या मुख्य प्रशिक्षकाने पुढचा सामना घरी बसून पाहावा. आमच्या सगळ्या मागण्यांत हिला सर्वांत जास्त विरोध होईल, आणि हिच्यावरून आम्ही मागे हटणार नाही. ज्या दिवशी धडकेची किंमत प्रशिक्षकाला मोजावी लागेल, त्या दिवसापासून पकड शिकवली जाईल.

मैदानाच्या मध्यावर, दोन बचावपटूंच्या मधे, डोक्यावरून जाणारा पास फेकणं ही चूक मानली जावी, धाडस नव्हे. क्वार्टरबॅकच्या मूल्यमापनात किती यार्ड मिळाले याच्या जोडीला किती रिसीव्हर उघड्यावर टाकले हेही पाहिलं जावं, यासाठी आम्ही प्रशिक्षकांशी बोलू. सामना हाताबाहेर गेला किंवा हाताशी आला की पहिल्या फळीचे रिसीव्हर बाहेर बसावेत. खेळाडू परत मैदानात जाणार की नाही, हे संघाशी बांधिलकी नसलेल्या डॉक्टरनेच ठरवावं, आणि त्याच्या शब्दापुढे कुणाचा शब्द नसावा.

जिथे आमच्या हातात काही आहे, तिथून आम्ही आजच सुरुवात करतो. आमची मुलं आठवी संपेपर्यंत फ्लॅग फुटबॉल, म्हणजे टॅकल नसलेला फुटबॉल, खेळतील. झेल, धाव, वळण, सगळं तिथे शिकता येतं. आमच्यातले फिजिओथेरपिस्ट शनिवारी सकाळी शाळांच्या मैदानांवर जाऊन खांद्याने पकडायचं तंत्र फुकट शिकवतील. तेव्हा सिॲटल सीहॉक्स या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक असलेल्या पीट कॅरल यांनी रग्बीवरून घेतलेलं हे तंत्र 2014 मध्ये चित्रफितीतून सर्वांसाठी खुलं केलं आहे, ते शिकायला पैसे लागत नाहीत. माणूस आडवा पडलेला असताना वाजणारी टाळी आम्ही वाजवणार नाही. एके काळी टीव्हीवर आठवड्यातल्या मोठ्या धडका हसतखेळत दाखवणारा भाग होता. तो बंद झाला, पण आज तेच काम आपल्या हातातले फोन करतात. तसली चित्रफीत आम्ही पुढे पाठवणार नाही. त्याऐवजी अलाबामाच्या डेव्हॉन्टा स्मिथने जानेवारी 2021 मध्ये राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात पहिल्या अर्ध्यात घेतलेले 12 झेल पाठवू. 215 यार्ड, 3 टचडाउन, आणि पोराचं वजन 80 किलोसुद्धा नव्हतं. बोट निखळून तो बाहेर गेला तेव्हा उरलेला सामना सगळ्यांच्याच दृष्टीने फिका झाला. बघायला आम्ही जातो ते हे.

वाचकहो, तुमचा मुलगा खेळत नसेल, तरी तुमची फी, तुमचं तिकीट आणि तुमची देणगी या मैदानात आहे. म्हणून आमच्यात या. खेळाडू भरती करणारा प्रशिक्षक तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या घरी येईल, कोचावर बसेल, चहा घेईल, मोठ्या स्टेडियमचे फोटो दाखवेल. त्याला विचारा की हंगामात आठवड्याला पूर्ण ताकदीचं टॅकलिंग किती मिनिटं होतं. गेल्या तीन वर्षांत त्याच्या किती खेळाडूंना टार्गेटिंगसाठी बाहेर जावं लागलं आणि त्यांना ते तंत्र कुणी शिकवलं. मेंदूला मार लागला तर परत पाठवायचा निर्णय कोण घेतो, आणि त्या डॉक्टरचा पगार कोण देतो. शिक्षण संपल्यावर दहाव्या वर्षी गुडघ्याची शस्त्रक्रिया करावी लागली, तर बिल कुणाच्या नावावर येईल. उत्तरं लेखी घ्या, त्याखाली सही घ्या, आणि सही द्यायला जे विद्यापीठ नकार देईल त्याचं नाव आम्हांला कळवा.